ब्रॉकनहर्स्टच्या चर्चमागचा सुखा

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय 'गावचं युद्धस्मारक आणि वारसा', मंडळानं वेळ दिलाय वीस मिनिटं, बघू कसं जमतंय.

तर ब्रॉकनहर्स्ट. लंडनच्या वॉटर्लूवरून थेट ट्रेन, उतरलं की न्यू फॉरेस्ट नावाच्या जंगलातली मोकाट घोडी, आपल्याकडे गाई बसतात तशी भर रस्त्यात उभी. चर्च गावापासून जरा बाजूला, टेकाडावर, आवारात हजारावर वर्षांचं 'यू' नावाचं सदाहरित झाड. मी गेलो होतो पहिल्या महायुद्धातल्या 93 न्यूझीलंडवाल्यांच्या कबरी बघायला, कारण 1916 पासून त्यांचं मोठं हॉस्पिटल या गावात होतं, आणि आधी सापडली कोणाची, तर सापवाल्याची! ब्रशर मिल्स, 1905 साली गेला, जंगलात झोपडी बांधून राहायचा, हजारो साप धरले म्हणतात. बत्तीस शिराळ्याचं कोणी आहे का इथे? नाही? मग विनोद वाया. बायको म्हणाली, आपण नक्की कशासाठी आलोय?

आलो होतो त्यापेक्षा वेगळंच हाती लागलं. एका दगडावर नुसतं 'सुखा', आडनाव नाही, पण पत्ता बघा, मोहल्ला गंगापूर, शहर बरेली. न्यूझीलंडवाल्यांच्या आधी इथे जखमी भारतीय शिपायांसाठी लेडी हार्डिंग हॉस्पिटल होतं, तिथला हा सफाई कामगार, 12 जानेवारी 1915 ला वारला, वय तीस. भारतीय हॉस्पिटलांचे कमिशनर होते सर वॉल्टर लॉरेन्स, त्यांनी लिहून ठेवलंय की हिंदूंनी त्याला अग्नी द्यायला नकार दिला, अस्पृश्य म्हणून, वोकिंगच्या मशिदीतल्या मौलवींनीही दफनाला जागा नाकारली, शेवटी इथला पाद्री म्हणाला, हा इंग्लंडसाठीच मेलाय, माझ्या आवारात पुरा. सात समुद्र ओलांडले की जात बुडते म्हणायचे ना, याची नाही बुडली. दगड उभारला गावकऱ्यांनी, आणि तसं दगडावरच कोरलंय.

पाऊस होता, अक्षरं दिसेनात, मी बोटानं चाचपत वाचलं, त्यावर दगडफूल चढलेलं. हो, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचंच भाऊबंद. मी नखानं खरवडायला गेलो, तर एक म्हातारी बाई ओरडली, अगदी शाळेतल्या बाईंसारखी.

चिठ्ठी आली बघा, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच, भराभर सांगतो. एक, युद्धात मेलेल्यांचे देह घरी आणायचे नाहीत असं ब्रिटननं ठरवलं होतं, घरच्यांकडे कबरच नाही, म्हणून गावोगाव क्रॉस आणि नावं. दोन, शताब्दीच्या वर्षांत, 2014 ते 18, अडीच हजारांच्या आसपास स्मारकं इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत घेतली, तीन दर्जे असतात, ग्रेड वन, टू स्टार, टू, यादीतल्या स्मारकात बदल करायचा तर परवानगी लागते. तीन, ती बाई बरोबर होती. तारेच्या ब्रशनं किंवा प्रेशरच्या पाण्यानं घासलं की अक्षरंच झिजतात, आणि माझ्या मते वारसा दगडात कमी नि अक्षरांत जास्त असतो, कोणाचं नाव लिहिलं आणि कोणी लिहिलं यात. सुखाच्या दगडावर तो धर्मानं ख्रिश्चन नव्हता हेही स्वच्छ लिहिलंय, आणि त्याखाली बायबलमधलं वाक्य, सगळ्यांचा देव एकच... हो हो, थांबतो. चहा खाली आहे का वर?