मीटर गप्प आहे की शून्य?

मंडळी, आजचा विषय एसएनएमपी, म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, आणि वीजमीटरच्या कामात त्याचा उपयोग. नाव जरा भारदस्त आहे, म्हणून एका बर्फाच्या कारखान्यापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी मी दुरून मीटर वाचण्याच्या एका कामावर होतो. या कारखान्याचं मीटर रोज दुपारी साडेबारा ते चारच्या सुमारास शून्य युनिट दाखवायचं. महिना मे. ऐन मे महिन्यात, भर दुपारी बर्फवाला कॉम्प्रेसर बंद ठेवील का? ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं, हा मीटर बायपास करतोय. मराठीत ‘आकडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि आमच्या धंद्यात पहिला आकडा चुकला की लगेच दुसऱ्याचा संशय येतो. पथक गेलं. सील शाबूत, सीटीच्या, म्हणजे मीटरला करंट पुरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या, वायरी जागच्या जागी. मालकाने सगळ्यांना थंडगार पाणी पाजलं. त्यानंतर तो जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

घोटाळा होता पत्र्याच्या पेटीत. पेटी उघड्यावर, आत मीटरचं रीडिंग आमच्यापर्यंत पाठवणारा मोडेम. ऊन चढलं की मोडेम तापून अडकायचा, आपोआप रीस्टार्ट व्हायचा, पुन्हा अडकायचा. मीटर मात्र निवांत मोजत होतं. जिथं उत्तर आलं नाही तिथं रकाना रिकामा ठेवायचा, तर आमच्या सॉफ्टवेअरने शून्य भरलं. बिल बरोबरच येत होतं, कारण ते एकूण रीडिंगवरून निघतं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांवरून नाही. पाचच्या एकूण रीडिंगमधून बाराचं वजा करून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

सापडलं ते एका साध्या प्रश्नामुळे. मोडेमला एसएनएमपीवरून विचारलं, ‘बाबा, तू चालू होऊन किती वेळ झाला?’ उत्तर आलं, १८४२००. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो. म्हणजे १८४२ सेकंद, जेमतेम अर्धा तास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, पुन्हा तीच गत. रोज दुपारनंतर तो नुकताच जन्मलेला असायचा.

आता हे एसएनएमपी काय आहे? १९८८ साली राउटरसारख्या नेटवर्कच्या उपकरणांची विचारपूस करण्यासाठी निघालेली ही पद्धत. एका बाजूला विचारणारा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला उपकरणात बसलेला एजंट. काय काय विचारता येतं त्याची यादी म्हणजे एमआयबी. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला लांबलचक क्रमांक असतो. मघाच्या प्रश्नाचा क्रमांक १.३.६.१.२.१.१.३.०. घाबरू नका, आपल्याकडे जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर असं उतरत जातो ना, तसंच आहे.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाकू. आपलं वीजमीटर सहसा एसएनएमपी बोलत नाही. त्याची बोली डीएलएमएस, भारतात आयएस १५९५९ या मानकाप्रमाणे. तिथं एकूण युनिटचा पत्ता १.०.१.८.०.२५५. जुन्या पॅनेल मीटरांशी मॉडबस या आणखी एका बोलीत बोलावं लागतं. मीटर ही खतावणी आहे आणि मोडेम किंवा गेटवे हा ती पोचवणारा पोस्टमन. एसएनएमपी विचारतं पोस्टमनची तब्येत: कधीपासून उभा आहे, सिग्नल किती, किती पाकिटं चुकली. खतावणीत काय लिहिलंय, हा त्याचा विषय नव्हे. डेटा सेंटरमधल्या रॅकच्या पीडीयूंचं, म्हणजे रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्ट्यांचं वेगळं, ते वीजवापरही थेट एसएनएमपीवर सांगतात. तिथं २०१५ च्या आरएफसी ७४६० या इंटरनेटच्या मानकात मापासोबत एकक, पट आणि अचूकता कशी सांगायची तेही ठरलेलं आहे. पट कशाला? एसएनएमपीच्या मूळ प्रकारांत दशांश चिन्हच नाही. २३०.४ व्होल्ट हे २३०४ म्हणून येतात, आणि दहाने भागायचं विसरलात तर स्क्रीनवर सगळा कारखाना जळालेला दिसतो.

विचारपूस दोन तऱ्हांनी होते. एक, दर पंधरा मिनिटांनी आपण विचारायचं. दुसरी, काही बिघडलं की उपकरणाने स्वतः हाक मारायची. तिला ट्रॅप म्हणतात. नवख्यांना ट्रॅप फार आवडतो, कारण सिमचा डेटा कमी खर्च होतो. पण ट्रॅपची पोच येत नाही. वीज गेली, टॉवरही बसला, तर नेमकी तीच हाक हवेत विरते. पोच देणारा ‘इन्फॉर्म’ पुढच्या आवृत्तीत आला, पण जो मेलाय तो इन्फॉर्म तरी कुठून पाठवणार? म्हणून ट्रॅप असला तरी विचारणं सोडू नका. आणि उत्तर आलं नाही तर ‘उत्तर नाही’ असंच लिहा. शून्य हे मीटरचं उत्तर असतं, ते आपण त्याच्या वतीने द्यायचं नसतं.

सुरक्षेचं थोडक्यात. जुन्या आवृत्त्यांत पासवर्डच्या जागी एक शब्द असतो, तोही उघडावाघडा तारेवरून जातो, आणि कित्येक ठिकाणी तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’च असतो. तिसरी आवृत्ती २००२ साली प्रमाणित झाली, तीत ओळख पटवणं आणि कूटबद्ध करणं दोन्ही आहे. तीच वापरा, आणि फक्त वाचण्यापुरती. स्मार्ट मीटरमध्ये वीज तोडणारा रिले असतो, त्याच्या आसपास लिहिण्याची परवानगी कुणालाही देऊ नका.

जाता जाता एक. एका उपकेंद्रातला गेटवे स्टेशनच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी त्याला काही होत नाही. एका रात्री अलार्म आला, ‘गेटवे रीस्टार्ट झाला’. आमचा पोरगा पावसात मोटारसायकलवर तीस किलोमीटर गेला. सगळं ठीक. झालं होतं एवढंच की ‘चालू होऊन किती वेळ झाला’ हा आकडा ३२ बिटांचा, ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. जुन्या मीटरचं चक्र ९९९९९ नंतर ००००० व्हायचं, तसं. गेटवे तब्बल ४९७ दिवस एकदाही बंद पडला नव्हता, म्हणून पोराला भिजावं लागलं.