पहिली चढाई ड्रोनची

पडद्यावर दिसतो आहे तो डिश अँटेनाच्या मागचा क्लॅम्प. त्याच्या खालच्या बोल्टभोवती गंजाचे तांबूस कडे धरले आहे, आणि केबलच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून गुंडाळलेल्या टेपचे एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडते आहे. हे दृश्य जमिनीपासून ६० मीटर उंचीवरचे असले, तरी ते टिपणारा तंत्रज्ञ टॉवरच्या पायथ्याशी रिमोट हातात धरून उभा आहे.

एवढेच पाहण्यासाठी पूर्वी माणसाला सुरक्षापट्टा बांधून वर चढावे लागे. बिनतारी इंटरनेटचा सिग्नल मंदावला की दोष अँटेनाची दिशा सरकल्याचा आहे, जोडात पाणी गेल्याचा आहे की मध्येच वाढलेल्या झाडाचा, याचा खालून पुरता उलगडा होत नाही. त्यामुळे एक चढाई पाहणीसाठी आणि दुसरी दुरुस्तीसाठी, असा प्रकार नेहमीचाच. ड्रोनमुळे वाचते ती पहिली चढाई. बोल्ट आवळणे, टेप बदलणे, अँटेना किंचित किंचित फिरवून सिग्नल जुळवणे ही कामे आजही माणसाच्याच हातची आहेत, आणि ड्रोन आला म्हणजे चढणाऱ्याची गरज संपली असे सांगणाऱ्या विक्रेत्यांनी टॉवर बहुधा खालूनच पाहिलेला असतो.

ड्रोनचा याहून मोठा उपयोग टॉवर उभा राहण्यापूर्वी होतो. दोन ठिकाणे बिनतारी लिंकने जोडायची, तर दोन्ही अँटेनांमधली नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. रेडिओलहरींना त्या रेषेभोवती मधोमध फुगलेल्या लांबट नळीएवढी जागा लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. १० किलोमीटर लांबीच्या, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या लिंकसाठी या क्षेत्राची मध्यावरची त्रिज्या साधारण ११ मीटर भरते, आणि त्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग अडथळ्यांपासून मोकळा ठेवावा, असा या क्षेत्रातला संकेत आहे. नियोजित उंचीवर ड्रोन स्थिर करून कॅमेरा पलीकडच्या टोकाकडे वळवला, की झाडांचे शेंडे किती आड येतात आणि टॉवर आणखी किती उंच हवा, हे पाया खणण्याआधीच ठरवता येते.

टॉवरजवळचे उड्डाण मात्र मोकळ्या मैदानावरच्या उड्डाणासारखे नसते. पोलादाच्या सान्निध्यात ड्रोनचा कंपास चुकू शकतो. अनेक ड्रोनचे रिमोट २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ याच पट्ट्यांत बोलतात, ज्यांत बिनतारी इंटरनेटची पुष्कळशी उपकरणे चालतात. म्हणजे ज्याची तपासणी करायची, तेच यंत्र तपासणाऱ्याचे बोलणे दाबून टाकू शकते. सर्वांत फसव्या ठरतात त्या टॉवरला ताणून धरणाऱ्या तारा. कॅमेऱ्यात त्या आभाळात विरून जातात आणि अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरलाही बारीक तार सापडेलच असे नाही, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायला जमिनीवर दुसरा माणूस उभा करणे शहाणपणाचे.

परवान्याचा प्रश्न येतो तेव्हा यंत्राच्या वजनाइतकेच महत्त्व उड्डाणाच्या हेतूला असते. भारताच्या २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेखातर उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तोच २५० ग्रॅमहून जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवला, की ते लागते. अमेरिकेत २०१६पूर्वी अशा कामासाठी सरकारकडून खास सूट मिळवावी लागे आणि उडवणाऱ्याकडे प्रत्यक्ष विमान चालवण्याचा परवाना असावा लागे. बोल्टचा फोटो काढण्यासाठी वैमानिक बोलावण्यासारखाच तो प्रकार होता. ऑगस्ट २०१६मध्ये ‘भाग १०७’ हे नियम लागू झाले आणि ६० प्रश्नांच्या लेखी परीक्षेत ७० टक्के गुण मिळवणाऱ्या, किमान १६ वर्षांच्या व्यक्तीला सुरक्षा-तपासणीनंतर ड्रोन पायलटचे प्रमाणपत्र मिळू लागले.

उंचीच्या मर्यादेतही टॉवरचा विचार झालेला दिसतो. अमेरिकेत जमिनीपासून ४०० फुटांची सर्वसाधारण मर्यादा आहे, पण एखाद्या बांधकामापासून ४०० फुटांच्या परिघात राहून त्याच्या माथ्यावर आणखी ४०० फूट जाता येते. युरोपीय संघाचा नियम अधिक कंजूष आहे: मर्यादा १२० मीटरची, आणि १०५ मीटरहून उंच बांधकामापासून ५० मीटरच्या आत, त्याच्या जबाबदार संस्थेच्या विनंतीवरून, माथ्याच्या वर फक्त १५ मीटर. टॉवर विमानतळाजवळ असेल, तर त्या हवाई क्षेत्राची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आता ड्रोन खाली उतरला आहे. टॉवरवर माणूस असताना तो पुन्हा वर पाठवला जाणार नाही. फोटो मोठा करून तंत्रज्ञाने बोल्टचे माप ताडले आहे, आणि त्याच मापाचा पाना, नवा बोल्ट व टेपची गुंडाळी पिशवीत टाकून तो पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आहे.