धूळ राजधानीत पोहोचली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. १३ मे २०२४ रोजी ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईवर आलेले धुळीचे वादळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे ती एका दिवसाची गोष्ट होती. अमेरिकेत कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या भागांतल्या शेतकऱ्यांनी मात्र १९३० च्या दशकात अशी वादळे वर्षानुवर्षे सोसली. घरोघरी खिडक्यांना ओल्या चादरी लावत आणि जेवण वाढेपर्यंत ताटे पालथी ठेवत.

हे का झाले? पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, पुढे ट्रॅक्टर आले आणि माती धरून ठेवणारे गवत लाखो एकरांवर नांगरून निघाले. १९३१ पासून पावसाने ओढ दिली. दुष्काळ त्या मुलखाला नवा नव्हता. नवी होती ती उघडी पडलेली माती. पुन्हा सांगतो, दुष्काळ जुना होता, उघडी माती नवी होती.

आता ह्यू बेनेट यांची हकिकत ऐका. उत्तर कॅरोलायनातल्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात वाढलेला हा मृदातज्ज्ञ मातीच्या धुपेविषयी अनेक वर्षे कळकळीने बोलत होता. ऐकणारे थोडे होते. १९३५ च्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष होती. पश्चिमेकडून उठलेले धुळीचे वादळ राजधानीच्या दिशेने येत असल्याची खबर त्यांना होती. म्हणून, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे, त्यांनी साक्ष मुद्दाम लांबवली. एकेका प्रदेशातली जमीन किती झिजली, याचा तपशील ते सावकाश देत राहिले. सदस्य कंटाळले, पण बेनेट थांबले नाहीत. अखेर बाहेर अंधारून आल्याचे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि सगळे उठून खिडकीशी गेले. शेकडो मैलांवरच्या शेतांतली माती राजधानीचे आकाश झाकत होती. आपण इतका वेळ बोलत होतो ते हेच, एवढेच बेनेट यांनी सांगितले. त्याच वर्षी २७ एप्रिलला मृदसंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, गवताची पुन्हा लागवड आणि वारा अडवणारे झाडांचे पट्टे यांना सरकारी बळ मिळाले.

माझे स्पष्ट मत आहे की शालेय इतिहासात लढायांच्या सनावळीइतकीच जागा दुष्काळांना मिळायला हवी, कारण गावेच्या गावे जशी लढायांनी उठली तशीच ती दुष्काळांनीही उठली आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर राबली, सुकडी म्हणजे सरकारने वाटलेले कोरडे पौष्टिक खाद्य आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन जगली. मिलो ही ज्वारीचीच जात, आणि तिकडे ती मुख्यतः कॅन्सस आणि टेक्सासमध्ये, म्हणजे ज्या मुलखात पूर्वी माती उडाली होती तिथेच, पिकते. त्या कामांच्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली आणि बांधबंदिस्ती (शेताला बांध घालणे), नालाबंडिंग (ओढ्यानाल्यांवर बांध घालणे) हे शब्द मजुरांच्या तोंडी रुळले.

त्या वर्षी गाव सोडून मुंबई-ठाण्याकडे आलेली कुटुंबे आजही आपल्या शेजारी राहतात. त्यांच्यातल्या ज्येष्ठांना त्या कामांविषयी अवश्य विचारा, आणि ते सांगतील ते गावाच्या नावासह वहीत उतरवून ठेवा. नमस्कार.