मेला म्हणून खरा? 'रक्तसाक्षी' या शब्दावर जरा बोलू

जय ख्रिस्त मंडळी! आवाज येतोय ना नीट? मागं कुकर लागलाय, शिट्टी झाली तर सांभाळून घ्या, लाईट जायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचंय.

तर ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो अ‍ॅक्युतिसला पोपनी संत जाहीर केलं, तेव्हापासून सगळीकडं त्याच्याच रील्स. जीन्स, स्पोर्ट शूज, कॉम्प्युटरवाला पोरगा, २००६ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेला, वय १५. चांगलंय, पोरं बघू लागली, मला आनंदच आहे. पण माझ्या मागच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं, 'एवढे संत झाले, एवढे जण धर्मासाठी मेले, हाच आपला धर्म खरा असल्याचा पुरावा', आन् त्याच्याखाली जे भांडण लागलंय ना राव, अजून मिटलं नाही. आन् सगळे मला टॅग करू लागले, दादा तुम्ही बोला, दादा तुम्ही बोला. घ्या, बोलतो.

बेसिक पटकन सांगतो, सगळ्यांना माहितीच आहे. आधी धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, मग संत. त्यासाठी चमत्कार तपासतात, रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, असला तर धन्यवादित व्हायला चमत्कार लागत नाही. आम्ही संतांची पूजा करत नाही, 'आमच्यासाठी प्रार्थना करा' अशी विनंती करतो, आपण शेजारच्या आजीला म्हणतो तशी. झालं. यावर परत कमेंट नको.

आन् कमेंटवरून आठवलं, 'दादा तुम्ही वसईचे का?' हे दर आठवड्याला. नाही हो बाप्पा! मराठी बोलणारा कॅथलिक दिसला की वसईचाच असतो का? मी वैजापूरकडचा. आमच्या भागात घोगरगावचं चर्च आहे, तिथं माझ्या आजीचं लग्न लागलं. दुसरा विचारतो, 'ख्रिश्चन असून मराठी एवढं चांगलं कसं?' मग काय लॅटिनमध्ये बोलू? पिठलं-भाकरी खातो, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पेटी-तबल्यावर भजनं म्हणतो, उन्हाळ्यात टँकरच्या लाईनीत उभा राहतो. असो.

वसईचा एक माणूस मात्र आज लागणारच. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्म, बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. तरुणपणी जपानला गेला, पुढं व्यापार केला, जम बसला होता, मग सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला संन्यासी झाला आन् परत जपानला गेला. तिथं सत्ता हिदेयोशीची. त्यानं माणसं धरली, डाव्या कानाचा तुकडा कापला, ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेलं आन् ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना टेकडीवर क्रुसावर चढवलं. त्यात १२ वर्षांचा एक पोरगा पण होता, लुई इबाराकी. १८६२ मध्ये हे सगळे संत जाहीर झाले.

आता ही गोष्ट मी कॉलेजला असताना कँटीनमध्ये एका दोस्ताला लई रंगवून सांगितली होती. औरंगाबादला, म्हणजे आताचं संभाजीनगर. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणलं, 'कुणी खोट्यासाठी एवढं सोसंल का?' तो चहा पीत शांतपणे म्हणला, 'भगतसिंग नास्तिक होता. मी नास्तिक का आहे म्हणून निबंध लिहिलाय त्यानं. २३ मार्च १९३१ ला फासावर गेला, डगमगला नाही. मग तुझ्या हिशोबानं देव नाही हे सिद्ध झालं का?'

मी गप. खरंच गप. समोसा तसाच राहिला.

तर माझा राग याच्यावरच आहे. 'मेला म्हणून खरं', हे म्हणू नका. हात जोडतो. ज्या राजांचं नाव या शहराला दिलंय त्यांनी १६८९ मध्ये औरंगजेबानं केलेले हाल सोसले, वाकले नाहीत. आमच्या मराठवाड्यात निजामाविरुद्ध माणसं गेली, १७ सप्टेंबरला आपण त्यांच्या स्मारकापुढं उभे राहतो. प्रत्येकाकडं जीव देणारी माणसं आहेत, आन् मोठी माणसं आहेत. जीव दिल्यानं माणूस खोटारडा नव्हता एवढं कळतं. तो बरोबर होता का, हा प्रश्न तसाच राहतो.

मग आमच्या संतांचं काय? इथं शब्द बघा. आपण मराठी कॅथलिक हुतात्मा म्हणत नाही, रक्तसाक्षी म्हणतो. ज्यानं हा शब्द केला त्याला माझा सलाम, कारण मूळ ग्रीक शब्द मार्तिस, त्याचा अर्थच साक्षीदार. मरणारा नाही, साक्षीदार! आन् रील्सवाले बिनधास्त 'शहीद' टाकू लागले. अरे शब्द बदलला की प्रश्नच बदलतो.

साक्षीदाराला काय विचारतात? माझ्या मामाचं सांगतो. बांध कोरल्याची केस, तालुक्याच्या कोर्टात, वर्षानुवर्षं तारखा. मामा साक्षीदार. कडक इस्त्रीची टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले आन् सुरू, 'साहेब, लेकराबाळांची शपथ, हा देवमाणूस आहे, याच्यावर अन्याय झाला, अख्खं गाव सांगंल.' समोरचा वकील म्हणला, 'गावाचं राहू द्या मामा. नांगर चालला तेव्हा तुम्ही कुठं होता?' मामा बाजारात होते! मामा खोटं बोलत नव्हते बरं का, मामांचा पक्का विश्वास होता. पण पाहिलं काही नव्हतं. विश्वास वेगळा, पाहणं वेगळं. हेच मी मघापासून सांगू लागलोय.

आता तोच वकिलाचा प्रश्न पेत्राला, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्याला, विचारा. तुम्ही तिथं होता का? होता. आन् पेत्र तर आधी फितूर झालेला साक्षीदार! येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी एका मोलकरणीनं नुसतं विचारलं तर हा म्हणला मी त्याला ओळखत नाही, एकदा नाही, तीनदा. मोलकरणीला घाबरलेला माणूस पुढं रोमन बादशहा नीरोच्या काळात रोममध्ये जीव देतो. मधल्या काळात याला काय दिसलं? त्याचं स्वतःचं उत्तर आहे, येशू मेल्यावर जिवंत दिसला. ते तुम्हाला पटो न पटो, पण हा 'गाव म्हणतंय'वाला साक्षीदार नाही.

दुसरा याकोब, प्रभूचा भाऊ. आमच्या कॅथलिक समजुतीप्रमाणं सख्खा नाही, नात्यातला, आपण नाही का मावसभावाला भाऊच म्हणत. योहानाच्या शुभवर्तमानात सरळ लिहिलंय की येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. घरच्या माणसाला पटवणं किती अवघड ते मला विचारा, माझा थोरला भाऊ अजून माझं चॅनेल सबस्क्राईब करत नाही. तोच याकोब पुढं जेरुसलेमच्या मंडळीचा मुख्य झाला आन् सन ६२ मध्ये त्याला दगडांनी मारलं, हे त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो, जो स्वतः ख्रिस्ती नव्हता. बाराही प्रेषितांच्या, म्हणजे येशूनं निवडलेल्या शिष्यांच्या, मरणाच्या गोष्टी इतक्या पक्क्या नाहीत, काही नुसत्या परंपरेनं आल्यात, म्हणून मी ही दोनच नावं घेतो. 'बाराच्या बारा' म्हणून ठोकून देऊ नका, समोरचा एक गोष्ट पाडतो आन् मग सगळंच पडतं.

शिट्टी झाली. एकच. थांबा.

हां. मग तुम्ही म्हणाल, गोन्सालो तर पंधराशे वर्षांनी झाला, त्यानं कुठं काय पाहिलं? बरोबर. हे नंतरचे लोक त्या पहिल्या घटनेचे साक्षीदार नाहीत. ते साक्षीदार आहेत ते पुढं माणसात काय होतं त्याचे. राणी मारिया बघा. केरळची सिस्टर, मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासींमध्ये काम, सावकारांच्या डोळ्यात खुपली. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला निघालेल्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर, पन्नासच्या वर वार. तिची सख्खी बहीण पण सिस्टर. तिनं काय केलं? जेलमध्ये जाऊन त्या मारणाऱ्याला राखी बांधली. राखी! आपल्याकडं बांधाच्या हातभर मातीवरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत. आन् २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला धन्यवादित जाहीर केलं तेव्हा तो माणूस तिथं हजर होता. त्या दोस्ताला मला आज उत्तर द्यायचं झालं तर मी ती बस सांगणार नाही, राखी सांगीन. हा पण कोर्टातला पुरावा नाही, माहितीय मला. पण मला धरून ठेवलंय ते यानं.

शेवटची पर्पेतुआ. कार्थेज, रोमन राजवटीतलं शहर, सन २०३, वय २२ च्या आसपास, अंगावर पिणारं लेकरू. तुरुंगात तिनं स्वतः लिहून ठेवलंय. बाप समजवायला आला की ख्रिस्ती असणं नाकार एकदाचं, सूट. तिनं तिथलंच एक पाण्याचं भांडं दाखवलं, म्हणली, बाबा, याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? नाही म्हणला. मग मी पण जी आहे तिला दुसरं नाव नाही, ख्रिस्ती.

हे मी काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती पोराला झोपवत होती. म्हणली, 'लेकराला सोडून? मी असते तर बादशहाच्या नावानं चिमूटभर धूप टाकला असता आन् याला घेऊन घरी आले असते.' मग जरा वेळानं म्हणली, 'तुम्ही काय केलं असतं?'

मी म्हणलं, लाईट बंद कर, सकाळी शूटिंग आहे.