दोन नंबरचं सिलेंडर

[दृश्य : पहाट. बॉनेटवर दव.]

जानेवारीतली सकाळ. निफाडचा पारा घसरला की नाशिकमधल्या जुन्या गाड्या आपापलं दुखणं बोलू लागतात. ही मारुती 800, 1998 ची, एमएच 15 पासिंग. चोक ओढून तीनदा स्टार्टर मारल्यावर उठली. आता बॉनेटवरचं दव बघा. एकही थेंब जागेवर थांबत नाही.

आणि हा आतला आरसा. त्यातलं मागचं दार एक नाही, दोन दिसतंय.

गाडीचे मालक काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. आयुष्य विमानांच्या कारखान्यात गेलं, त्यामुळे तक्रारही मोजकी : "द्वारकेच्या सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी हलते. आणि चढाला दम सोडते."

[दृश्य : मिठाईचा खोका उघडतो. आत जुने पार्ट.]

हा खोका त्यांनी आपणहून डिकीतून काढला. पेट्रोल पेटवणारे तीन प्लग, एक कॉइल, प्लगच्या वायरी, पेट्रोल पंप, कार्बोरेटरचं जुनं किट. आठ महिन्यांत एका गॅरेजमध्ये एकेक करत हे सगळं बदललं. दर वेळी गाडी दोन दिवस बरी वाटायची. नवीन पार्ट टाकल्यावर ती तशी वाटतेच, पैसे आपण दिलेले असतात. प्लगचा रंग बघा, फिका तपकिरी. असा प्लग टाकून द्यायचा नसतो. खोक्यातल्या बहुतेक वस्तूंचं असंच आहे.

[दृश्य : मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवे बसतात.]

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. ते सरळ मागे गेले. टेबलावरच्या कॅलेंडरचा सरलेला महिना फाडला, त्याची पट्टी केली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली.

[क्लोजअप. इंजिनाचा मूळ आवाज ठेवावा. निवेदन थांबवावं.]

कागद बाहेर उडतोय, हे ठीक. सायलेन्सरमधून हवा बाहेरच यायला हवी. पण मध्येच तो आत ओढला जातो. चिकटतो, सुटतो. पुन्हा चिकटतो. सायलेन्सर श्वास आत घेतोय.

इंजिनाला ही गोष्ट जमायला नको. हवा ओढायला पिस्टन खाली जातो तेव्हा फक्त कार्बोरेटरकडची झडप उघडी असते, पेट्रोल आणि हवा तिथूनच आत येते. सायलेन्सरकडची झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व, त्या वेळी घट्ट मिटलेला असतो. तो नीट मिटत नसेल तर पिस्टन मागच्या दारानेही हवा ओढतो. कॅलेंडरचं पान तेवढंच सांगतंय.

"आता कुठल्या खोलीचं दार, ते बघू," मिस्त्री म्हणाले.

खोल्या म्हणजे सिलेंडर, आणि ते तीनच. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या तीस वर्षांत तिच्यात फेरफार झाले, 2000 च्या आसपास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, पण 796 सीसीचे तीन सिलेंडर तेच राहिले. चार सिलेंडरच्या गाडीत एक मेला तर बाकीचे तिघं कसंबसं ओढून नेतात. इथे एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला साडेआठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलेंडर सेकंदाला सात वेळा पेट घेतो. एक मुका झाला की सेकंदात सात वेळा पायरी चुकते. दव त्याच ठेक्यावर ओघळत होतं.

[दृश्य : बॉनेट उघडं. रबरी मुठीची पकड. वायर निघते.]

चालू इंजिनावर एक नंबरची वायर काढली. आवाज लगेच पडला, इंजिन बंद पडता पडता राहिलं. म्हणजे एक नंबर काम करत होता. वायर परत लावली. तीन नंबरची काढली, तेच. आता दोन नंबर.

[मूळ आवाज.]

काहीही फरक नाही. वायर लावा, काढा, इंजिनाला पत्ताच नाही.

इथेच गडबड होते. 'दोन नंबर मिसिंग मारतोय' म्हटलं की हात पहिला प्लगकडे जातो. मिस्त्रींनी दोनचा प्लग एकला लावला, एकचा दोनला. मिसिंग जागचं हललं नाही. प्लग निर्दोष. खर्च शून्य, वेळ चार मिनिटं. खोका भरण्याआधी हे कुणी केलं असतं तर.

[दृश्य : व्हॅक्यूम गेजची तबकडी.]

हे गेज हल्ली फारसं कुणी बाहेर काढत नाही. इंजिन किती जोराने हवा ओढतं, ते यावर कळतं. तबकडीवर हिरवा पट्टा आहे, 17 ते 21 इंच (पाऱ्याचे). तो समुद्रसपाटीचा. दर तीनशे मीटर चढलं की काटा साधारण एक इंच खाली येतो. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत 19 दाखवणारी निरोगी गाडी इथे 17 दाखवेल. गेजवरच्या पट्ट्याशी नुसता ताळा करणारा माणूस नाशिकच्या चांगल्या इंजिनालाही आजारी ठरवू शकतो. पण आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. 15 वर आहे, आणि ठराविक ठेक्याने टिचकी मारल्यासारखा खाली जातो. नुसती हवा गळत असती तर काटा खाली येऊन तिथेच राहिला असता. हा ठेका व्हॉल्वचा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. एक नंबर अकरा किलो. तीन नंबर पावणेअकरा. दोन नंबर साडेपाच. तिघांत फार तर किलोभराचा फरक खपतो.

दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनभोवतीची रिंग झिजली असती तर तेलाने फट बुजून आकडा वर आला असता. साडेपाचच राहिला.

[दृश्य : कॉम्प्रेसरचा पाइप प्लगच्या भोकात. काका गाडीच्या मागे.]

पुढची परीक्षा मला सगळ्यांत आवडते. पिस्टन अगदी वर आणून, गाडी गिअरमध्ये टाकून, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. हवेला पळायला चार वाटा. कार्बोरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं पॅकिंग. चौथी वाट कुठे जाते?

काकांनी सायलेन्सरला कान लावला.

[मूळ आवाज : सू...]

"येतेय, मिस्त्री. स्पष्ट येतेय."

"मग उघडू या."

पाना इथे पहिल्यांदा फिरला.

[दृश्य : हेड बाकावर. व्हॉल्व बाहेर.]

दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व. कडेला बिस्किटाचा तुकडा चावावा तशी खाच. बाकी कड राखाडी, खाचेभोवती पांढुरकी. हा जळालेला व्हॉल्व.

जळाला कसा, हे काकांच्याच बोलण्यातून निघालं. मध्यंतरी सहा-सात वर्षं गाडी एलपीजीवर होती. किट निघालं, पण त्याची करणी मागे राहिली. वायूवर चालताना व्हॉल्वची बैठक, म्हणजे तो मिटताना टेकतो ती कड, जास्त झिजते. बैठक झिजली की व्हॉल्व आत बसत जातो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधलं अंतर, कमी होते. इंजिन तापल्यावर व्हॉल्व लांबतो, उरलीसुरली फटही संपते, आणि मग तो पुरता मिटत नाही. व्हॉल्व आपली उष्णता सोडतो ती बैठकीला टेकल्यावर. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत जातो आणि एके दिवशी कडेला चिरतो.

यात आवाज कुठेच नाही, हीच मेख. सैल टॅपेट टकटक करतो, मालक लगेच गॅरेज गाठतो. घट्ट टॅपेट गप्प असतो. काकांना तर इंजिन गोड वाजतंय असं वाटायचं. ही फट मोजणाऱ्या फिलर गेजची पाती फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम, ते या गाडीवर शेवटचं कधी झालं, काकांना आठवलं नाही.

[दृश्य : लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व बैठकीवर घासून बसवणं. तळव्यांमध्ये फिरणारी काठी.]

नवा व्हॉल्व आला. बैठक कापून आली. आता ही काठी. टोकाला रबरी चूषक, तो व्हॉल्वच्या माथ्याला चिकटतो. कडेला ग्राइंडिंग पेस्ट. दोन तळव्यांत काठी धरून उलटसुलट फिरवायची, ताक घुसळायच्या रवीसारखी. मध्येच उचलायची, थोडी वळवायची, पुन्हा टेकवायची. सुरुवातीला खरखर येते. पेस्ट बारीक होत जाते तसा आवाज मऊ होतो. मिस्त्री बघत नाहीत, ऐकतात. पुसल्यावर कडेभोवती एकसारखी राखाडी अंगठी उमटली पाहिजे, कुठेही न तुटलेली.

[क्लोजअप : रॉकेल ओतलं जातं.]

शेवटी हेड कुशीवर ठेवून पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्वमागच्या वाटेत रॉकेल ओतलं. व्हॉल्वच्या कडेला कोरडं बोट फिरवलं. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवलं. बोट कोरडंच.

हेड चढलं, टायमिंग बेल्ट खुणेला खूण लावून बसला, टॅपेट फिलर गेजने सेट झाले.

तरी आयडलिंग हलकंसं झुलत होतं. वर, खाली, वर. मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा एक फवारा मारला. इंजिन एकदम चढलं आणि उतरलं. तिथून हवा घेत होतं. कार्बोरेटर उघडून किट टाकताना खालचं पॅकिंग जुनंच ठेवलं होतं, तेही दुमडलेलं. हा आजार गाडीचा नव्हताच, दुरुस्तीने दिलेला होता.

नवीन पॅकिंग. काटा 17 वर. उभा.

मजुरी आणि सामान मिळून काकांनी त्या खोक्यावर घातलेल्या पैशांपेक्षा कमी पैसे गेले. पीयूसी मिळालं. रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी करायचं आहे, पर्यावरण कराची पावती काकांनी जपून ठेवली आहे.

[दृश्य : नांदुरीचा घाट. सप्तशृंगगडाची कमान मागे पडते.]

रविवारी काका आणि काकू गडावर निघाले. मागच्या खेपेला याच वळणावर दुसऱ्या गिअरवर यावं लागलं होतं, मागच्या जीपने हॉर्न वाजवून हैराण केलं होतं. आज गाडी तिसऱ्यात आहे. वळण येतं. काकांचा डावा हात सवयीने गिअरच्या दांड्यावर जातो, तिथे थोडा वेळ राहतो, आणि परत स्टिअरिंगवर येतो.

[मूळ आवाज चालू. निवेदन संपलं.]