८:१२ ची फास्ट आणि मागे पाठवायचा निरोप

[दृश्य: सकाळ. ठाणे स्टेशनचा पूल. खाली लोकल सुटतेय.]

८:१२ ची फास्ट गेली. पुलावरून धावत उतरलेल्या माणसाला शेवटच्या डब्याची पाठ तेवढी दिसली. त्याचं मागणं फार मोठं नाही. आठ वाजताच्या स्वतःला त्याला एकच निरोप पाठवायचाय: 'रिक्षा धरू नकोस, चालत ये.'

भूतकाळात स्वतः जायचं राहू द्या. एवढा निरोप तरी मागे जाईल का? क्वांटम भौतिकीत, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या शास्त्रात, म्हणे असलं काहीही चालतं. म्हणे.

[दृश्य: राजाबाई टॉवरचं घड्याळ.]

घड्याळ मागे ठेवण्याचा प्रकार मुंबईने करून पाहिलाय. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, पण शहराने आपली 'मुंबई टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. त्या काळात प्रमाणवेळेने साडेआठला निघून मुंबई टाइमने आठच्या आत पोचणं कागदावर सहज जमायचं. चुकलेली गाडी मात्र चुकलेलीच असायची.

निरोप खरंच मागे धाडायचा, तर पहिला रस्ता वेगाचा. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार प्रकाशापेक्षा वेगाने निरोप गेला, तर वेगात असलेल्या एखाद्या निरीक्षकाला तो सुटण्याआधीच पोचलेला दिसेल. त्याने तसाच उलट निरोप धाडला, की प्रश्न विचारण्याआधी उत्तर हातात. हा पेच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी १९१७ मध्येच मांडला होता.

[दृश्य: गेटवेजवळची जुनी यॉट क्लबची इमारत, मग कुलाब्याचा समुद्र.]

टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याच्या टोकाला जाण्याआधी इथे भरायची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या संस्थेत उमेदवारी करून गेलेले ई. सी. जॉर्ज सुदर्शन यांनी १९६२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एक धीट निबंध लिहिला. कायम प्रकाशापेक्षा वेगाने धावणारे कण सापेक्षतेच्या गणितात बसू शकतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे अशा कणांना टॅकिऑन नाव पडलं. कण काही सापडला नाही. २०११ साली मात्र खळबळ उडाली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लवकर पोचल्याचं दिसलं. शोधता शोधता निघालं काय, तर ऑप्टिकल फायबरची एक केबल नीट खोचलेली नव्हती. मुंबईकराला या कारणाचं नवल वाटू नये.

[दृश्य: चर्चगेट आणि बोरिवली, पडदा दुभागून.]

आता क्वांटमचा रस्ता. दोन गुंतलेले फोटॉन, म्हणजे एकमेकांशी जोडलेले प्रकाशकण, घ्या, एक चर्चगेटला, एक बोरिवलीला. चर्चगेटला मोजमाप करून 'वर' उत्तर आलं, तर तशाच मोजमापात बोरिवलीलाही 'वर'च येणार. उत्तरं आधीच ठरलेली होती, असं म्हणून सुटका होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये त्यासाठी कसोटी दिली, पुढच्या प्रयोगांत क्वांटम तिला उतरलं, आणि त्या कामाला २०२२ चं नोबेल मिळालं.

मग यावरून निरोप का नाही पाठवायचा? कारण चर्चगेटच्या बाईंना कोणतं उत्तर येईल, ते त्यांच्या हातात नाही. 'वर' आणायचंय म्हणून 'वर' येत नाही. बोरिवलीच्या गृहस्थांच्या वहीत नुसती छापा-काट्यासारखी ओळ जमते. जुळणी कळते ती दोघांनी फोनवर वह्या ताडून पाहिल्यावर. तो फोन प्रकाशाच्या वेगाने गेला तरी तीसेक किलोमीटरला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागणारच.

आणि गंमत म्हणजे, मोजमाप आधी कुणी केलं यावर वेगवेगळ्या वेगांतल्या निरीक्षकांचं एकमत होईलच असं नाही. जुळणीला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

[दृश्य: पहाटेचं दादर फूलमार्केट. गोणी ओतली जाते, ताडपत्रीवर झेंडूचा ढीग.]

सगळ्यात जास्त गैरसमज झालेला प्रयोग आहे 'क्वांटम इरेझर'. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने त्याचा निकाल मांडला. दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, पण कण कोणत्या फटीतून आला हे कळलं, की पट्टे जातात. इथे गुंतलेल्या जोडीतला एक फोटॉन पडद्यावर आपटतो, ठिपका नोंदला जातो. जोडीदार लांबच्या वाटेने जातो, सुमारे ८ नॅनोसेकंद उशिरा. पहिला कोणत्या फटीतून आला याचा माग जोडीदारात शिल्लक राहिला, तर ठिपक्यांत पट्टे नाहीत. माग पुसला गेला, तर पट्टे आहेत. म्हणजे नंतर पुसलं आणि आधीचं बदललं?

ढिगाकडे बघा. मावशी केशरी एका टोपलीत, पिवळा दुसरीत टाकताहेत. पलीकडचे काका तसल्याच ढिगातून तोरणाची मोठी फुलं आणि हाराची लहान फुलं वेगळी करताहेत. कसंही निवडा, गोणीतून पडलेली फुलं तीच. प्रयोगातही पडद्यावरच्या सगळ्या ठिपक्यांच्या ढिगात पट्टे कधीच दिसत नाहीत. जोडीदाराची यादी हातात घेऊन ठिपके निवडले, की एका टोपलीत पट्टे उमटतात. दुसऱ्या टोपलीत त्यांच्या मधल्या जागी पट्टे. दोन्ही एकत्र ओता, पुन्हा सपाट ढीग.

उपमा इथवरच. झेंडूचा रंग निवडण्याआधीही असतो. फोटॉनबाबत तसं म्हणायला बेल आडवे येतात.

[दृश्य: पुन्हा ठाण्याचा प्लॅटफॉर्म.]

समजा, काळच वळून स्वतःला येऊन मिळाला. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असं फिरतं विश्व काढून दाखवलं. आपलं विश्व तसं दिसत नाही, पण गणितात ते आहे. अशा विश्वात आपल्या माणसाला निरोप मिळाला, तो चालत आला, गाडी मिळाली. मग निरोप पाठवलाच कशाला? न पाठवावा, तर गाडी चुकते, आणि पाठवावा लागतो. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये क्वांटमची तोड काढली: निरोप अर्धा आलेला, अर्धा न आलेला, अशी मिश्र अवस्था काळाच्या या फेऱ्यात घाला. ती बाहेर पडते तशीच्या तशी, विसंगती नाही. मला ही तोड चलाख वाटते, समाधानकारक नाही. फेरा आहे असं धरून पुढचा हिशेब मांडलाय. फेरा बांधून कोण देणार? स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये अंदाज बांधला, की निसर्ग तो बांधूच देत नसावा. त्याची पक्की सिद्धता आजही नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने दोन फोटॉन घेऊन डॉइच यांच्या फेऱ्याची नक्कल केली. बातम्यांनी तिला 'टाइम ट्रॅव्हल' करून टाकलं. मागे कुणीच गेलं नव्हतं.

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, आरसे, लेसरची रेघ.]

माझ्या मते खरी चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. चहात आधी साखर की आधी दूध, हे घरोघरी ठरलेलं असतं. व्हिएन्नात गेल्या दशकात झालेल्या प्रयोगांत फोटॉनवर दोन क्रिया होतात, आणि 'आधी ही, मग ती' व 'आधी ती, मग ही' हे दोन्ही क्रम एकाच वेळी अध्यारोपित, म्हणजे एकमेकांवर चढलेले, असतात. कोणती क्रिया आधी झाली, या प्रश्नाला तिथे ठरलेलं उत्तर नाही.

ठाण्याच्या माणसाला याचा उपयोग शून्य. त्या यंत्रातही फोटॉन आधी शिरतो आणि नंतर बाहेर पडतो.