तेरावं अजिंक्यपद

श्रोतेहो, नमस्कार.

१९७०-७१ चा क्रिकेट मोसम म्हटला की कुणीही दोन गोष्टी सांगतो. वेस्ट इंडिजमधल्या गावसकरच्या ७७४ धावा आणि इंग्लंडमध्ये ओव्हलवरचा चंद्रशेखर. मला आज तिसरीच एक सांगायची आहे. ती घडली चर्चगेटजवळच्या ब्रेबर्न स्टेडियमवर, आणि तिची आठवण क्वचितच कुणी काढतं. पण तिच्यापर्यंत जायचं तर आधी जमैकाला जावं लागेल.

पतौडींचं कप्तानपद गेलं, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं. नवे कप्तान झाले अजित वाडेकर. तोवर वेस्ट इंडिजला आपण एकाही कसोटीत हरवलेलं नव्हतं. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत गावसकर बोट दुखावल्यामुळे बाहेर. आपले पाच गडी ७५ धावांत परत. तिथून दिलीप सरदेसाई उभा राहिला. आधी एकनाथ सोलकर, मग प्रसन्ना यांना हाताशी धरून त्यानं २१२ धावा केल्या. भारत ३८७. उलट वेस्ट इंडिज २१७ वर बाद.

आघाडी झाली १७० धावांची. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस पावसात वाहून गेला होता, म्हणजे सामना उरला चार दिवसांचा, आणि चार दिवसांच्या सामन्याला १५० पुरतात. वाडेकरांनी हा नियम बरोबर ध्यानात ठेवला होता. ते उठून थेट वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंग रूमकडे गेले आणि पुन्हा फलंदाजी तुमचीच, असं त्यांचे कप्तान सोबर्स यांना सांगून आले. सोबर्स चकित झाले. सामना पुढे अनिर्णित सुटला, रोहन कन्हायनं नाबाद १५८ काढून तो वाचवला. पण माझ्या मते मालिका तिथेच फिरली. ज्यांना आपण वर्षानुवर्षं दबून होतो, त्यांना आपल्या कप्तानानं पुन्हा पॅड बांधायला लावले होते.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. तिकडे सकाळी खेळ सुरू व्हायचा तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असायची. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर आबिद अलीनं फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. दुसऱ्या डावात सलीम दुराणी, हा तर लहरी माणूस, लहर लागली आणि त्यानं सोबर्सना शून्यावर त्रिफळाचीत केलं, लॉइडचा झेल वाडेकरांच्या हातात दिला. आपण सात गडी राखून जिंकलो. आणि पदार्पणाच्या कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ करणारा तो एकवीस वर्षांचा पोरगा, गावसकर, पुढे काय करून बसला, ते मी तुम्हाला काय सांगावं!

आता हिशेब पाहा. दौऱ्यावर गेलेल्या सोळांपैकी वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मंकड हे पाच जण मुंबईचे. म्हणजे कप्तानासकट मुंबईचा अर्धा संघ साता समुद्रापार. आणि इकडे रणजी करंडकाची अंतिम लढत होती मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्राचा एकही खेळाडू दौऱ्यावर नव्हता. मुंबई ओळीनं बारा वर्षं करंडक घरी नेत होती. आता नाही तर कधी, असं पुण्याकडच्या मंडळींना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

मुंबईची धुरा होती सुधीर नाईक यांच्याकडे. आणि मुंबई जिंकली. पहिल्या डावाच्या आघाडीवर नाही, निर्भेळ, ४८ धावांनी. ओळीनं तेरावं अजिंक्यपद.

हे कसं जमलं, याचं उत्तर स्कोअरबोर्डवर मिळत नाही. ते आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर, भर पावसात कांगा लीग, ही मुंबईची पावसाळी स्पर्धा, बघायला उभं राहिलं की कळतं. ओली खेळपट्टी, एक चेंडू घोट्याशी सरपटतो, दुसरा कानाजवळून जातो, बाहेरचं गवत इतकं वाढलेलं की खणखणीत फटक्यालाही एक धाव. तिथं पंचवीस धावा काढणारा कॉलर ताठ करून घरी जातो. मुंबईकर ज्याला खडूस म्हणतात तो खेळाडू असा तयार होतो. विकेट फेकायची नाही, म्हणजे नाहीच. अशी पोरं रांगेत उभी होती. पुढचे पाच गेले, मागचे पाच सरकले, इतकंच.

सोलकरचंच बघा. वडील हिंदू जिमखान्याचे माळी, तिथेच खोपटं, तिथेच हा वाढला. त्याच उन्हाळ्यात, इंग्लंडच्या दौऱ्यात, ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटनं बॅट पुढे केली. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा सोलकर, डोक्यावर ना हेल्मेट ना काही. चेंडू बॅट-पॅडला लागून पुढ्यात पडतोय म्हणेपर्यंत त्यानं अंग पुढे झोकून दिलं, पोटावर पडला आणि जमिनीला टेकता टेकता झेल उचलला. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड १०१ वर आटोपलं, ते सगळं खरंच. पण त्या डावातलं मला तर ते पालथं पडलेलं शरीरच आधी दिसतं.

वाडेकरांचा संघ दोन मालिका जिंकून परतला, मोठं स्वागत झालं. मग रणजीचा नवा मोसम उजाडला. दौऱ्यावरची मंडळी मुंबईच्या संघात आपापल्या जागी आली, आणि आदल्या वर्षी करंडक जिंकून देणाऱ्या कप्तानालाच अकरांत जागा उरली नाही.

सुधीर नाईक पुढे भारताकडून तीन कसोटी खेळले. नंतर वानखेडेच्या खेळपट्टीची देखभाल त्यांच्याकडे आली. २०११ चा विश्वचषक अंतिम सामना ज्या खेळपट्टीवर झाला, ती त्यांनीच तयार केलेली होती.

नमस्कार.